पोकळ काठी

मेंढी कातरायला धरतात तशी ग्यानबांनी ती काठी दोन्ही गुडघ्यांत उलटी दाबून धरली, कातरीचं टोक तिच्या डोक्याच्या बुडातल्या जाड स्क्रूत बसवलं आणि डावीकडे पीळ दिला. स्क्रू सुटला. आत बोट जाईल एवढं भोक होतं. ग्यानबांनी एक डोळा मिटला आणि दुसरा भोकाला लावला. आत अंधार होता, बाकी काहीच नव्हतं.

"सगळं रिकामं हाय," ते म्हणाले.

नर्मदाबाई ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मुरमुरे निवडत होत्या. पाव्हण्यांसाठी त्यांची फोडणीची सुशीला करायचा बेत होता.

"काय रिकामं हाय?"

"तुझ्या लेकाची विद्या."

नर्मदाबाईंनी मान वर केली, नवऱ्याच्या गुडघ्यांत काय अडकलंय ते पाहिलं आणि हातातलं सूप बाजूला ठेवून त्या उठूनच आल्या.

"आवो, काय करायलाव? त्येला इचारलं का?"

"इचारलं तर नको म्हणंल. म्हणून तर तो पाव्हण्यांला आणायला टेशनावर गेल्यावर करायलोय. जा, पिठाची चाळण आण."

नर्मदाबाईंनी जुनी चाळण आणून दिली. नव्या चाळणीतून वाळू चाळू देणार नाही, एवढाच काय तो त्यांचा विरोध.

राणीसावरगावच्या शिवारात ग्यानबांचं घराणं काठीवरून ओळखलं जाई. चिव्याच्या बांबूची भरीव काठी, तीही तेलात मुरवलेली. ग्यानबांच्या वडिलांनी अशाच काठीनं लांडग्याचं टाळकं फोडलं होतं. निदान ते तसं सांगत आणि लांडग्याची बाजू ऐकायला कोणी गेलं नव्हतं. पोकळ बांबू तंबूला लावावा, वेलाला लावावा, फार तर निवडणुकीत झेंड्याला लावावा. हातात धरायची काठी पोकळ निघालीच तर तिच्यात गंगेची, म्हणजे गोदावरीची, बारीक वाळू ठासायची, ती खुळखुळू नये म्हणून वर लोकरीचा बोळा कोंबायचा आणि तोंड बंद करायचं, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. आणि अशा घरातला एकुलता एक मुलगा मल्हार पुण्यात बसून पोकळ काठ्या करत होता, त्याही पगार घेऊन.

मल्हारच्या त्या काठीला कंपनीत ड्रायव्हर म्हणत. गोल्फ नावाच्या खेळात पहिला फटका, सगळ्यांत लांबचा, तिनं मारायचा. पूर्वी तिचं डोकं लाकडाचं असे, मग पोलादाचं आलं. आता मल्हारच्या कंपनीनं नवीनच घाट घातला होता: समोरची पाटी टायटॅनियमची, कारण ती चेंडू लागला की किंचित लवते आणि त्याला उसळी देते, वरचं टोपण कार्बनच्या विणलेल्या कापडाचं, कारण ते हलकं, आणि बुडाशी जड धातूचा एक बारीक गोळा, तोल साधायला. ज्याचा जो गुण तो त्या जागी. मल्हारकडे काम होतं ते कार्बन आणि टायटॅनियम यांचा जोड टिकवायचं. एक उन्हात फुगतं, दुसरं ढिम्म हलत नाही. अशा दोन जातींना एकमेकांना चिकटवून ठेवायचं आणि वर हजारो फटके खायला लावायचे, ह्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती.

हे सगळं तो मुलीकडच्या मंडळींना मन लावून समजावून सांगे. मंडळी मन लावून ऐकत आणि शेवटी विचारत, "म्हणजे काठ्या करता?" मल्हार खरं बोलणारा होता. तो "हो" म्हणे. मग "कळवतो" असा निरोप मिळे. एका मुलीच्या चुलत्यानं तर पोलिसांच्या लाठ्यांचं कंत्राट तुमच्याकडंच असतं का, अशी आपुलकीनं चौकशी केली होती. मल्हारनं तिशी ओलांडली. त्याच्या बरोबरीच्यांनी पोरांच्या जावळाची जेवणं घातली, आणि त्या पंगतीत मल्हार वाढायला असे.

मग पूर्णेची दीपिका सांगून आली. तिथल्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. मल्हार, ग्यानबा आणि सोयरीक जुळवणारे तात्याराव तिला बघायला गेले, तेव्हा चहाचा ट्रे खाली ठेवून तिनं विचारलं होतं, "पण त्या डोक्याच्या आत काय असतं?" आजवर कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. मल्हार इतका वेळ बोलत राहिला की चहावर साय धरली. आत काहीच नसतं म्हणून तर ते वाजतं आणि म्हणून तर चेंडू उडतो, हे त्यानं सांगितलं. दांडी बाहेरून तयार येते, पण जोड मात्र आपला, हेही सांगितलं. त्या वेळी ग्यानबा परसात बैल बघायला गेले होते, हे दुर्दैव. पुण्याची गाडी पकडताना मल्हारनं आईला फोन केला आणि म्हणाला, "माय, ही सोयरीक मोडली तर पुन्हा मला पोरगी दाखवायची न्हाई." हे तो शांतपणे म्हणाला, म्हणूनच नर्मदाबाईंना धास्ती बसली.

आज मुलीकडचे घर बघायला येणार होते. दीपिकाचे वडील रामप्रसाद रेल्वेत. पूर्णा जंक्शनात गाडी थांबली की हातोडी घेऊन डब्याडब्याखाली चाकं ठोकत जायचं, ही त्यांची नोकरी. त्यांनी तात्यारावांकडून निरोप धाडला होता, "पोरगं काय करतंय ते एकदा हातात घेऊन बघायचंय." म्हणून तर मल्हारनं, चाचण्या संपून भंगारात निघालेला एक ड्रायव्हर साहेबांच्या परवानगीनं काखोटीला मारून आणला होता. काल संध्याकाळी त्यानं तो बापाच्या हातात दिला. ग्यानबांनी सवयीनं डोक्यावर नख वाजवलं, टण्ण आवाज आला, आणि त्यांच्या काळजात चर्र झालं.

"ठोकून बघणारा माणूस यायलाय," वाळू भोकात सोडता सोडता ग्यानबा बायकोला समजावत होते. "त्येच्यापुढं हे घागरीवाणी वाजलं म्हंजी? लेकराची लाज जाईल. कंपनीनं माल वाचवलाय, दुसरं काय. आपुन भर घालू."

"जड होईल ना."

"जड व्हायलाच पाहिजे. जड असल्याबिगर काठी काय, अन् जावई काय."

नर्मदाबाईंनी घटकाभर विचार केला. मग त्या आत गेल्या आणि काळ्या मेंढीची स्वच्छ पिंजलेली लोकर मूठभर घेऊन आल्या. भरायचीच तर चांगली भरावी. ग्यानबांनी वाळू काडीनं ठासली, लोकर कोंबली, स्क्रू पिळून बसवला आणि डोकं पुन्हा नखानं वाजवलं. बद्द. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की पाव्हणे नाही आले तरी आजचा दिवस कारणी लागला असता.

पाव्हणे मात्र मल्हारबरोबर आले, आणि त्यांच्यासोबत दीपिकाही जीपमधून उतरली. घर बघायला पोरगी येत नसते. नर्मदाबाईंनी दारातूनच तात्यारावांकडे पाहिलं. तात्यारावांनी "मी काय करू" अशा अर्थानं टोपी काढून पुन्हा घातली.

"ती म्हणली, राहायचं मला हाय, तर बघून तुमी काय करणार," रामप्रसाद म्हणाले. बोलण्यात तक्रार होती, पण थोडा अभिमानही होता.

"बरं झालं आलीस बाई," नर्मदाबाई म्हणाल्या.

"नमस्कार काकू. नमस्कार काका," दीपिका म्हणाली आणि सरळ मेंढ्यांकडे बघायला गेली.

सुशीला झाली, चहा झाला. रामप्रसादांनी घर पाहिलं. त्यांची पाहायची पद्धत कानानं होती. पाण्याची टाकी त्यांनी बोटानं वाजवून पाहिली, दाराची चौकट वाजवली, गव्हाची कोठी वाजवली. एकदा त्यांचा हात बोलता बोलता मल्हारच्या पाठीवर पडला, तेव्हा ती थाप होती की तपासणी हे कोणालाच कळलं नाही. मग ते ओसरीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हां. आता ती वस्तू दाखवा."

ग्यानबांनी स्वतः काठी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. ग्यानबांचं धोतर नवं होतं, पण त्यावर वाळूचा एक पट्टा राहून गेला होता. रामप्रसादांनी खिशातून एक छोटा पाना काढला. नोकरीचा नसला तरी तो त्यांच्या खिशात असेच. त्यांनी डोकं कानाजवळ नेलं आणि पान्यानं अलगद ठोकलं.

बद्द.

ते थांबले. दुसऱ्या बाजूनं ठोकलं. पुन्हा बद्द. ग्यानबा छाती किंचित पुढं काढून कौतुकाच्या शब्दाची वाट बघत होते.

"तडा हाय," रामप्रसाद म्हणाले.

"तडा?" ग्यानबा म्हणाले. "गच्च हाय ते, पाव्हणं. ह्या कानापासनं त्या कानापस्तोर गच्च."

"ग्यानबाभाऊ, माझा जन्म गेला ह्यात. चांगलं चाक देवळातल्या घंटीवाणी वाजतंय. बद्द वाजलं की समजायचं, कुठंतरी तडा हाय. असं वाजलेलं चाक मी पुढं सोडत न्हाई. साहेब उतरून आला तरी सोडत न्हाई."

ग्यानबांची छाती हळूहळू जागेवर गेली. जगात पोकळ वाजण्याला चांगलं म्हणणारी माणसं असतात, आणि नेमकं असं माणूस आपल्या ओसरीवर येऊन बसलंय, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

मल्हारला मात्र काहीच समजेना. वाजायला पाहिजे होतं. त्यानं काठी रामप्रसादांच्या हातातून घेतली, आणि घेताक्षणीच ती त्याच्या मनगटाला कळली. एवढ्या वजनात त्यानं असे चार ड्रायव्हर केले असते. त्यानं बापाकडे पाहिलं. ग्यानबा आढ्याकडे बघत होते. त्यानं आईकडे पाहिलं. नर्मदाबाई कप गोळा करायला लागल्या, त्यातल्या दोन कपांत चहा होता. मग बापाच्या धोतरावरचा वाळूचा पट्टा त्याला दिसला आणि सगळी गोष्ट त्याच्यापुढं उभी राहिली.

दीपिका खांबाला टेकून त्याच्याकडे बघत होती. आत काय असतं ते तिला त्यानंच सांगितलं होतं.

एक वाक्य पुरलं असतं. 'आबांनी वाळू भरलीय.' पाव्हणे हसले असते, आणि पूर्णेपासून गंगाखेडपर्यंत सोयऱ्याधायऱ्यांत पुढची दहा वर्षं हसत राहिले असते. मल्हारनं काठी भिंतीला टेकवली.

"जुना नमुना हाय," तो म्हणाला. "लय फटके खाल्लेला हाय."

"ठोकून काय कळतंय," तात्याराव मध्ये पडले. सोयरीक घसरताना दिसली की त्यांना जोर चढत असे. "मारून दाखवा, मल्हारराव. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"आता नको. ऊन हाय."

"आमी उन्हातलीच माणसं हाव," रामप्रसाद म्हणाले आणि उठले.

घरामागं माळ होता. एका बाजूला जाळीच्या कुंपणात मेंढ्या बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला नांगरून टाकलेलं रान. मल्हारनं मातीचा लहानसा ढीग करून त्यावर पांढरा चेंडू ठेवला. ग्यानबा त्याच्या जवळ येऊन काहीतरी पुटपुटले. मल्हार खाली बघतच म्हणाला, "आबा, मागं सरका, लागंल." ग्यानबा मागं सरकले, पण ते लागण्याच्या भीतीनं नव्हे.

पहिला फटका त्यानं अगदी हळू मारला, लेकराला थोपटावं तसा. चेंडू ढिगावरून उतरला आणि थोडा पुढं जाऊन थांबला. एका मेंढीनं येऊन जाळीतून तोंड काढलं.

"एवढाच?" रामप्रसाद म्हणाले.

"अंदाज घ्यायलेत," तात्याराव म्हणाले. "आता बगा. मल्हारराव, जोर लावा की जरा. मोडलं तर आपल्याकडून कुणी भरून घेणार हाय का?"

मल्हारनं चेंडू पुन्हा ढिगावर ठेवला. त्याला अजूनही हळूच मारायचं होतं. पण काठी मागं नेताना त्यानं बघितलं, दीपिका आपल्याकडे बघतेय, आणि तरण्या माणसाचं जे व्हायचं ते झालं. त्यानं सगळी ताकद लावली. डोक्याचं ते अवजड वजन वर गेलं आणि खाली येताना ते कोणाचं ऐकेना. काड्कन आवाज झाला. दांडी गळ्याशी मोडली. काळं डोकं एकटंच उडालं, सगळ्यांच्या टोप्यांवरून गेलं, मेंढ्यांच्या जाळीवरून गेलं आणि पलीकडच्या दगडांत कुठंतरी जाऊन आदळलं. मेंढ्यांनी उठून एकच गलका केला. ढिगावरचा चेंडू होता तिथंच होता.

तात्यारावांनी चेंडूकडे बघितलं, मग जाळीकडे बघितलं आणि म्हणाले, "लांब गेलं पण."

"मी म्हणलंच होतं," रामप्रसाद म्हणाले. "तडा हाय."

मल्हारच्या हातात नुसती दांडी राहिली होती. "व्हय," तो म्हणाला. "जोड कच्चा राहिला."

"जोड करायचं काम तुमचंच ना?"

"माझंच."

रामप्रसादांनी खेदानं मान हलवली. माणूस दुष्ट नव्हता. पोरगं त्यांना आवडलंही होतं. पण आयुष्यभर ज्यानं बद्द वाजणारं चाक पुढं जाऊ दिलं नाही, त्यानं पोरीच्या बाबतीत जाऊ द्यावं असं कोण म्हणेल? त्यांनी धोतराचा सोगा झटकला.

"बरं, ग्यानबाभाऊ. घर झकास हाय. माणसंबी चांगली. घरी इचार करतो अन् कळवतो."

ह्या शब्दाचा अर्थ माळावरच्या मेंढ्यांनाही कळला असता. तात्यारावांनी निमूटपणे जीपवाल्याला हात केला. जीप घरघरायला लागली.

ग्यानबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "पाव्हणं, जरा थांबा," ते म्हणाले. "तुमाला एक सांगायचं राहिलंय. सकाळी मी..."

"आबा," मल्हार मध्येच म्हणाला, "पाव्हण्यांची गाडी चुकंल."

"चुकू दे."

"चुकू द्यायची न्हाई," मल्हार म्हणाला. बापाशी तो ह्या आवाजात कधी बोलला नव्हता. ग्यानबा दोन पावलं मागं सरकले.

तोवर कुणाच्या लक्षातही न येता दीपिका जाळीला वळसा घालून पलीकडे गेली होती, आणि नर्मदाबाई लगबगीनं तिच्या मागं. नर्मदाबाई पोहोचल्या तेव्हा ती दगडांत उकिडवी बसली होती. डोकं तिच्या हातात होतं. बुडाचा स्क्रू कुठंतरी उडाला होता, भोकातून काळी लोकर लोंबत होती आणि लोकरीच्या कडेनं वाळू गळत होती.

"ही वाळू?" दीपिकानं विचारलं.

नर्मदाबाईंना खोटं बोलायची वेळ आली होती, आणि एकही खोटं जवळ तयार नव्हतं.

"गंगेची हाय," त्या म्हणाल्या.

दीपिकानं चिमूटभर वाळू तळव्यावर घेऊन पाहिली. मग नर्मदाबाईंना राहवेना.

"आमच्या ह्यांनी भरली बाई. पोकळ बघून तुमी नाही म्हणाल, असं वाटलं त्यांला. लोकर मीच दिली. लेकराला ह्यातलं काय ठावं न्हाई. त्येची काय चूक न्हाई. आता तू तुझ्या पप्पाला सांग खरं काय ते. म्हाताऱ्याचं हसं होईल, होऊ दे. लेकरावर तरी बालंट नको."

"तुमच्या लेकाला ठावं हाय," दीपिका म्हणाली. "हातात घेतल्याबरोबर कळलं त्यांना. मी बघितलं."

"मग बोलला का न्हाई तो?"

दीपिकानं लांब उभ्या ग्यानबांकडे पाहिलं. आणखी उत्तर द्यायची गरजच नव्हती. नर्मदाबाईंना एकदम भरून आलं. बापाची अब्रू राखायला पोरानं हातानं आपली सोयरीक मोडून घेतली होती. त्यांना त्याचा अभिमान वाटला, आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. दोन्ही खरंच वाटलं. पदरानं डोळे पुसून बघतात तर पोरीनं केसांतली पिन काढली होती आणि तिच्या टोकानं ती लोकर ओढून काढत होती. मग तिनं डोकं उलटं धरून दगडावर हलकेच आपटलं. वाळू भसाभसा खाली पडली. ती आपटत राहिली आणि मधूनच भोकात फुंकर घालत राहिली. पोळ्या करताना पीठ झटकावं इतक्या सहज तिचं चाललं होतं. शेवटी लोकर तिनं दगडाखाली सारली आणि उठली.

ओसरीपुढं मंडळी निरोपासाठी अवघडून उभी होती. दीपिकानं येऊन ते डोकं वडिलांपुढं धरलं.

"पप्पा, वाजवून बघा."

"वाजवलंय मी मघाशी."

"पुन्हा वाजवा."

रामप्रसादांनी खिशातून पाना काढला, लेकीच्या हट्टासाठी म्हणून. कानाजवळ नेऊन ठोकलं.

टण्ण.

आवाज इतका स्वच्छ होता की जीपच्या घरघरीतूनही तो सगळ्यांना ऐकू आला. रामप्रसादांनी पुन्हा ठोकलं. मग वरून, खालून, कडेनं ठोकलं. प्रत्येक वेळी तसाच आवाज. कार्बन जिथं संपतं आणि धातू सुरू होतो तिथून त्यांनी अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं. दगडावर पडल्याचा ओरखडा होता, पण जोडावर नख कुठंच अडलं नाही.

"ह्याला केसाएवढा तडा न्हाई," ते म्हणाले.

"दांडी मोडलीय," दीपिका म्हणाली. "ती हे करत न्हाईत. ती बाहेरून येती."

रामप्रसादांनी डोकं खाली घेतलं आणि मल्हारकडे पाहिलं. "मग तुमी जोड कच्चा हाय म्हणून का सांगितलाव?"

मल्हारनं हातातली दांडी भिंतीला टेकवली. त्याला खरं सांगायचं नव्हतं आणि आणखी खोटं त्याला जमत नव्हतं. रामप्रसादांची नजर त्याच्यावरून निघाली, ग्यानबांच्या धोतरावर येऊन थांबली आणि तिथून लेकीच्या हातांकडे गेली. बोटांच्या बेचक्यांत बारीक वाळू होती, नखांत काळी लोकर अडकली होती. ग्यानबांनी घसा खाकरला. आता मात्र ते बोलणारच होते, त्यांनी हातसुद्धा जोडले होते.

"मामा," दीपिका त्यांना म्हणाली, "हात धुवायला पाणी कुठं हाय?"

नर्मदाबाईंनी खांब धरला. मल्हारनं मान वर केली आणि बघतच राहिला. पोरीनं सासऱ्याला मारायची हाक मारली होती, बापाच्या समोर, दिवसाढवळ्या. रामप्रसादांनी ती ऐकली. आवाजाच्या बाबतीत त्यांना दोनदा ऐकावं लागत नसे. त्यांनी पाना खिशात टाकला आणि डोकं जपून ओसरीवर ठेवलं.

"बंद कर रे गाडी," तात्याराव जीपवाल्यावर खेकसले. "डिझेल काय तुझा बाप देतोय?"

नर्मदाबाई पाणी आणायला वळल्या, पण ग्यानबा त्यांच्या आधीच रांजणापाशी पोहोचले होते. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात घरात स्वतःच्या हातावरही कधी पाणी घेतलं नव्हतं, तो भरलेला तांब्या घेऊन अंगणाच्या कडेला आला. दीपिकानं वाकून हात पुढं केले. ग्यानबा बारीक धारेनं पाणी घालत राहिले, आणि बोटांमधला शेवटचा कण मोरीला लागेपर्यंत त्यांनी तांब्या खाली ठेवला नाही.